प्रतिसाद: जाम इंजिनला आधी किक नको

बरीच वर्षं बंद पडलेली जुनी मोटरसायकल पुन्हा चालू कशी करायची, या प्रश्नावर वर एकानं सुचवलंय की नवं पेट्रोल भरून किक मारून पाहा. अशा गाडीला हे करू नका. पिस्टनभोवतीच्या रिंगा गंजून सिलिंडरला चिकटलेल्या असू शकतात. जोर लावला की रिंग तुटते, नाहीतर किकचे दाते जातात.

स्पार्क प्लग काढून त्याच्या भोकातून २०-३० मिली पातळ ऑइल सोडा, दोन-तीन दिवस मुरू द्या. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हातानं हळूहळू पुढे-मागे हलवा. इंजिन सुटलं की भोकावर फडकं धरून, इंजिन फिरवून उरलेलं ऑइल बाहेर काढा आणि इंजिन ऑइल बदला.

टाकीतल्या गंजाला सायट्रिक अ‍ॅसिडचं पाणी पुरतं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन लगेच वाळवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस थर धरतो. आत नटबोल्ट टाकून घुसळणार असाल तर मोजून टाका, एखादा आत राहायला नको!

कार्बोरेटरच्या पायलट जेटमध्ये (इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी) स्टीलची तार घालू नका, भोक मोठं होतं. वायरमधली तांब्याची एकच तार चालते.

गाडी नव्यानं रंगवायची घाई कशाला? मूळ रंग बरा असेल तर पॉलिश करून तसाच ठेवावा. इंजिन आणि ब्रेक आधी.