हिमनदीखालच्या गाळाचं काय होतं?

प्रश्न (सोलापूर): सीनाकाठचे गोटे गुळगुळीत, आकारानुसार साठलेले. पुढे सरकणारी हिमनदी गाळाचं नेमकं काय करते?

उत्तर १: बर्फाला निवडणं जमत नाही. पिठासारख्या मातीपासून घराएवढ्या धोंड्यापर्यंत सगळं एकत्र मळतं. तळाशी पाण्याचा दाब वाढला की गाळ मऊ होऊन बर्फाबरोबर ओढला जातो. पाणी निचरलं की दगडासारखा बसतो. लांबट गोटे बहुधा प्रवाहाला समांतर होतात. टोकाशी मात्र गाळ ढकलला जाऊन बांध उभा राहतो.

उत्तर २: जुन्या गाळावरून हिमनदीची दिशा काढायला रुंदीच्या किमान दीडपट लांबीचे ५० गोटे मोजा. उतारावरचे, धोंड्यालगतचे टाळा, त्यांची दिशा बिघडलेली असते.

उत्तर ३: असा गाळ सोलापुरात शोधू नका, तिथे सगळा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा खडक! चंद्रपूरजवळ इरई गावी तालचेर थराखालच्या (हिमनदीच्या गाळाचा जुना खडक) चुनखडीवर हिमनदीचे ओरखडे आहेत, सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे.