मदत हवी आहे : खलाशांची मजुरी अडकली असताना मंडळीने (चर्चने) देणगी घ्यावी का?

सर्वांना सलाम. मी मालवणकडचा, रविवारी उपासनेनंतर तरुणांचा शास्त्राभ्यास घेतो. एका नौकामालकाने उपासनामंदिराच्या कौलांसाठी मोठी रक्कम देऊ केलीय. पण त्याच्या खलाशांचा हिशोब अजून बाकी आहे. 1 जूनपासून मासेमारी बंद, त्यातले काही थेट नेपाळला जाणार. तो म्हणतो, "आधी देवाचा घर, मगे त्येंचा बघूया." माणूस मनाने चांगला, हीच तर अडचण!

बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकातलं 24:15 वचन सांगतं, मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. याकोब 5:4 तर आणखी कडक. शौल राजानेही देवाची आज्ञा मोडून उत्तम मेंढरं यज्ञासाठीच राखली होती, पण शमुवेल संदेष्ट्याने त्याचं काही ऐकून घेतलं नाही. इथवर मुलांना पटतं. घोडं अडतं उज्जापाशी, कारण त्याचाही हेतू चांगलाच होता. देवाच्या कराराचा कोश (पवित्र पेटी) बैलगाडीवरून नेत होते. बैल बिचकले, कोश पडू नये म्हणून त्याने हात लावला आणि जागीच मेला. "हा कसला न्याय?" मी गणना 4 काढून दाखवलं : कोश कहाथाच्या वंशजांनी वाहायचा, स्पर्श न करता. गाडीवर घालून पाठवला होता तो पलिष्ट्यांनी, म्हणजे इस्राएलाच्या शत्रूंनी. 1 इतिहास 15 मध्ये दावीद राजा स्वतःच चूक मान्य करतो, मग लेवी वंशाचे लोक कोश दांड्यांनी खांद्यावर नेतात. तरी मुलं चिडलेलीच. मलाही त्यांचा राग कळतो.

उज्जाचा प्रसंग तुम्ही कसा शिकवता? आणि मंडळीच्या पंचांनी देणगी नाकारावी, की मजुरी चुकती होईपर्यंत थांबवावी? मालक माझा मेव्हणा आहे, तोडून बोलता येत नाही. बोटी किनाऱ्याला लागायच्या आत उत्तर मिळालं तर बरं.