मदत हवी आहे : एकाच कुकरात डाळ कच्ची, भात गिचका

पुण्यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये दोघं राहतो. गॅसची एक शेगडी, पाच लिटरचा कुकर, दोन डबे. एक जण आठला जेवतो, दुसरा दहाला येतो. एकाला अंडं चालतं, दुसऱ्याला नाही. पोळ्या केंद्रातून आणतो, बाकी घरीच करायचंय. पण वरण-भाताचा कुकर लावला की तूरडाळ बोटचेपी राहते आणि भात मात्र गिचका होतो. चार शिट्या काढतो. शिट्या वाढवल्या तर भाताचा लगदा होतो. पाणी टँकरचं आहे. काय चुकतंय?

प्रतिसाद १

शिट्या वाढवू नका, आधी पाणी बदला. टँकरचं किंवा बोअरचं पाणी बहुधा जड असतं. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियममुळे डाळीच्या पेशी घट्ट राहतात आणि ती लवकर मऊ होत नाही. धुवायला नळाचं पाणी चालेल. भिजवायला आणि शिजवायला पिण्याचं, आरओ फिल्टरचं घ्या.

पाऊण वाटी तूरडाळ धुऊन गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. मग ते पाणी काढून दोन वाट्या ताजं पाणी, चिमूट हळद, हिंग आणि तेलाचे चार थेंब घाला. तेलामुळे फेस कमी येतो. टोमॅटो, चिंच, आमसूल यांतलं काहीही आत्ता नको, आंबटात डाळ मऊ पडत नाही. डाळ फार जुनी असेल तर मात्र हे सगळं करूनही वेळ लागेल.

डाळीचा डबा खाली, भाताचा वर. तांदूळ अगदी शेवटी धुवा, भिजवू नका. म्हणजे दोघांना एकच वेळ मिळाला तरी डाळ पुढे असते. कोलम एक वाटी असेल तर पावणेदोन वाट्या पाणी पुरतं, कारण बंद कुकरात पाणी फारसं उडत नाही. इंद्रायणी असेल तर दीडच. तो मुळात चिकट, मोकळा होणार नाही. भाताच्या डब्यावर ताटली हवीच. झाकणावरची वाफ थेंब-थेंब भातात पडते, गिचक्याचं अर्धं कारण तेच असतं.

कुकरच्या तळाशी दीड पेला पाणी. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करून बारा मिनिटं, मग बंद. वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ काढली की डाळ उसळून वर भातात जाते.

प्रतिसाद २

वरच्याशी सहमत. दोन वेळांच्या जेवणाचं असं करा : डाळ दुप्पट शिजवा, घोटून घट्टच ठेवा, फोडणी देऊ नका. निम्मी काढून गार करा आणि झाकून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी आमटीला येते. आमटीला वाटीभर घट्ट वरणात दोन वाट्या गरम पाणी, एक चमचा गोडा मसाला, दोन आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. पाच मिनिटं उकळली की झाली.

भाताबाबत जास्त काळजी घ्या. दहाला येणाऱ्यासाठी तो ओट्यावर तसाच ठेवू नका. शिजल्यापासून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये गेला पाहिजे, नाहीतर त्यात वाढणाऱ्या जंतूंचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, चांगली वाफ येईपर्यंत गरम करा.

अंड्याला वेगळा छोटा तवा आणि वेगळं उलथणं ठेवा. एवढ्याशा खर्चात रोजची कुरबुर टळते. तेल, डाळ, तांदूळ, मसाले सामायिक, अंडी ज्याची त्यानं आणावीत.

धागाकर्ता

धन्यवाद. कुकर लावायला वेळ नसेल तेव्हा पिठलं करतो, त्यात गुठळ्या होतात.

प्रतिसाद १

कोरडं बेसन उकळत्या पाण्यात पेरताय का? सराव असलेल्यांना जमतं. नाहीतर पिठाच्या गोळ्याची वरची बाजू लगेच शिजून बंद होते आणि आत कोरडं पीठ अडकतं. अर्धी वाटी बेसन गार पाण्यात आधी थोडं-थोडं कालवून घ्या, एकूण पाणी पावणेदोन वाट्या.

दोन चमचे तेलात मोहरी, जिरं, हिंग, पाच पाकळ्या ठेचलेला लसूण, दोन मिरच्या, एक कांदा, हळद. कांदा मऊ झाला की कालवलेलं पीठ ओता आणि दाट होईपर्यंत हात थांबवू नका. मीठ घालून, झाकून, मंद आचेवर सहा-सात मिनिटं. कच्चट वास गेला की झालं. गार झाल्यावर ते घट्ट बसतं, म्हणून दहाच्या माणसाचं गरम करताना अर्धी वाटी कडकडीत पाणी घालून ढवळा.