अठरा वर्षांनंतरचे पालकत्व

दिव्यांग मुलगा अठरा वर्षांचा झाल्यावर त्याच्या वतीने सही कोणी करायची, हा एका ताईंनी विचारलेला प्रश्न आमच्या घरीही धाकट्या भावाच्या बाबतीत उभा राहिला होता. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांना मिळणारे सरकारी ओळखपत्र, असले, तरी सज्ञान मुलाचे कायदेशीर पालकत्व आईवडिलांकडे आपोआप राहत नाही, हे आम्हाला बँकेच्या खिडकीपाशी कळले. भावाचा शाईने माखलेला अंगठा हातात धरून आई तिथे तासभर उभी होती.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ नुसार पालक नेमणारी स्थानिक स्तर समिती असते, जिच्यावर जिल्हा प्रशासनाच्या अधिकाऱ्याबरोबर नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्तीही असते. आईवडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करू शकतात, आणि पालक म्हणून आपल्या पसंतीच्या व्यक्तीचे नाव सुचवू शकतात. आम्ही आईचे नाव दिले, पण तिचे वय पाहता माझेच द्यायला हवे होते, असे आता वाटते.

याच कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची निरामय आरोग्य विमा योजनाही अवश्य पाहावी. तिच्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते आणि नियमित थेरपीचा खर्चही धरला जातो. फिजिओथेरपीसाठी दर आठवड्याला पैसे मोजणाऱ्या घरांना याचे मोल वेगळे सांगायला नको. बिले मात्र पहिल्या दिवसापासून तारखेनुसार जपून ठेवावीत.