बायोनिकल परत आणा म्हणे! एकदा आणलं होतं की

जुनाट मुखवटा

परवाची ती पोस्ट वाचली तेव्हाच लिहिणार होतो, पण म्हटलं जाऊ दे. आज ती तिसऱ्यांदा समोर आली आणि राहवलं नाही. मजकूर थोडक्यात असा: बायोनिकल, म्हणजे लेगोचे ते मुखवटेवाले, तुकडे जोडून बनवायचे यंत्रवीर, २०१० मध्ये अन्यायाने बंद केलं, लेगोने ते जसंच्या तसं परत आणावं, आणि ज्यांना हे पटत नाही ते खरे चाहतेच नाहीत.

बरं. मी खोटा चाहता. २००१ चे सहाच्या सहा टोआ, म्हणजे त्यातले मुख्य वीर, माझ्याकडे आहेत, ओनुआचा एक हात सोडून. (तो कुठे गेला हे माझ्या धाकट्या भावाला माहीत आहे आणि तो जन्मात सांगणार नाही.)

अहो, बायोनिकल परत आलं होतं! २०१५ मध्ये. तेच सहा जण, तीच नावं, पाठीत गिअर, वर मुखवटा उडवायची सोय. २०१६ मध्ये गाशा गुंडाळला. तेव्हा आपण काय करत होतो? "हा कसला ताहू, याच्या अंगात हीरो फॅक्टरीची (लेगोचीच दुसरी यंत्रवीर मालिका) हाडं आहेत" म्हणून नाकं मुरडत होतो. मीही मुरडलं होतं, नाकारत नाही. आता त्याच तोंडाने परत मागायचं?

आणि 'जसंच्या तसं' म्हणजे नक्की काय? त्या खेळण्यातली सगळ्यात भारी गोष्ट ही होती की आपल्याला काही माहीत नव्हतं. ऑनलाइन गेममध्ये ताकुआ नावाच्या गावकऱ्याला घेऊन गावोगाव हिंडायचं, पुढचा भाग कधी येतो म्हणून डोळे लावून बसायचं. कॉमिकमध्ये अर्धी गोष्ट कळायची, उरलेली आपण डब्यावरची चित्रं बघून रचायची. गोष्ट ज्या बेटावर घडते ते बेट म्हणजे एका अवाढव्य यंत्रमानवाच्या चेहऱ्यावरचं पांघरूण आहे, हे कळायला २००८ उजाडलं. सात वर्षं! आज कुठल्याही नव्या पोराला ते दोन मिनिटांत वाचायला मिळतं. साचे परत निघतील हो. ती सात वर्षं कुठून काढणार?

गिअरप्रेमी

साफ असहमत. २०१५ ला 'परत आलं' म्हणणं हाच मुळात विनोद आहे. हाडं-कवच पद्धत २०११ पासून हीरो फॅक्टरीत वापरत होते, तिच्यावर एक गिअर चिकटवला आणि झालं बायोनिकल? नाव तेवढं जुनं. त्यावरून 'पुनरुज्जीवन फसलं' असा निष्कर्ष काढू नका. ते झालंच नाही, तर फसणार कसं?

आणि खरं सांगायचं तर बायोनिकल २०१० ला मेलं नाही. ते २००६ मध्येच गेलं. इनिका, म्हणजे त्या वर्षीचे नवे टोआ, आले आणि गिअर गेले. त्याआधी पोहाटू लाथ मारायचा, बोहरॉक हा शत्रू-यंत्रकिडा अंगाची गुंडाळी करून बसायचा. इनिका काय करायचा? उभा राहायचा. पुढची वर्षं तोच सांगाडा, फक्त डोकं नवं. गुडघे वाकतात म्हणून आपण टाळ्या वाजवल्या आणि खेळण्याचा जीव गेला ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पोहाटूची लाथ

आला! इनिका आला! धागा कसलाही असो, गिअरप्रेमी दुसऱ्या प्रतिसादात इनिकाला फरफटत आणणारच.

मी २००६ चा माणूस. माझी सुरुवात पिराकांपासून, म्हणजे त्या वर्षीच्या खलनायकांपासून. रबरी डोकं, चमकणारे डोळे, काय भीती वाटायची! तुमचे २००१ चे टोआ मला आजही हँगरला अडकवलेल्या शर्टासारखे दिसतात. ना कोपर, ना गुडघा. पाठीतलं चाक फिरवलं की हात खालीवर. एवढंच ना? ते चाक पाच मिनिटं फिरवलं की पुरे व्हायचं. वाकणाऱ्या गुडघ्यावर मी तीन सुट्ट्या काढल्या.

मूळ प्रश्नाबद्दल: आणा परत. लेगोचीच निंजा मालिका निंजागो २०११ मध्ये आलं, तीन वर्षांत आवरायचा बेत होता, लोकांनी सोडलं नाही, २०१४ मध्ये जोरात परत आलं आणि आजही चालू आहे. म्हणजे परत आणलेलं टिकत नाही असा काही निसर्गनियम नाही.

जुनाट मुखवटा

निंजागो पूर्ण थांबलंच नव्हतं, लाथसाहेब. दमून खाली बसलेल्याला हात देऊन उठवणं वेगळं आणि पाच वर्षांपूर्वी पुरलेल्याला उठवणं वेगळं. शिवाय त्याला टीव्हीवरची मालिका होती आणि सेट नेहमीच्याच विटांचे. कुठल्याही पोराच्या खोक्यातल्या तुकड्यांशी जुळतात. बायोनिकलचा अर्धा भाग फक्त बायोनिकललाच लागतो.

हँगरची उपमा मात्र चांगली आहे. राग आला, पण चांगली आहे.

वाचतोय फक्त

मला एक कळत नाही, कंपनीने हे का करावं? २००३-०४ मध्ये लेगो तोट्यात गटांगळ्या खात होती तेव्हा ज्या मोजक्या गोष्टींनी तिला तरंगत ठेवलं त्यात बायोनिकल होतं. तेव्हा गरज होती. आज नाही. गरज सरो, वैद्य मरो. २०२२ मध्ये कंपनीला नव्वद वर्षं झाली तेव्हा जुना किल्ला आणि जुनं अंतराळयान यांना मोठे सेट मिळाले. आपल्याला काय मिळालं? २०२३ मध्ये ताहू आणि ताकुआ, तेही ठरावीक खरेदीवर भेट म्हणून, साध्या विटांचे. वैद्याला श्राद्धाला बोलावून पत्रावळीच्या कडेला बसवावं तसं.

ताकुआची मावशी

पण मला तो छोटा ताहू आवडला. (मारा आता.)

धागाकर्त्याच्या मुद्द्यावर बोलते. 'रहस्य उरलं नाही म्हणून परत आणू नये' हे मोठ्या माणसाचं रडगाणं आहे. माझा भाचा आठ वर्षांचा. माझी जुनी पेटी त्याला दिली. त्याला तो अवाढव्य यंत्रमानव माता नुई कोण, खलनायक मकुता कोण, काही ठाऊक नाही आणि त्याने विचारलंही नाही. कोपाका टोआचा मुखवटा गाली टोआला लावला, राहक्षी या शत्रूची पाठ बोहरॉकला लावली आणि त्या प्राण्याला 'वकील' असं नाव ठेवलं. का, ते विचारू नका. सलग चार दिवस वकील विरुद्ध सगळे.

मी आधी म्हणत होते, "अरे, हा पाण्याचा मुखवटा नाही, बर्फाचा आहे." मग गप्प बसले. ते रहस्य तुम्हाला हवं होतं. त्याला सांधे हवे आहेत.

जुनाट मुखवटा

ताई, मग त्याला सांधे असलेलं कुठलंही खेळणं चालेल की. बायोनिकलच परत का आणायचं? तुमच्या उदाहरणाने माझाच मुद्दा सिद्ध होतो.

ताकुआची मावशी

तुम्ही 'वकील' पाहिला नाहीत म्हणून असं बोलताय.

डबाबंद

नवं बायोनिकल आणू नये या मताचा. जे आहे त्याचं मोल त्याने कमी होतं. माझ्याकडे २००८ चा लेवा टोआ आहे, त्या वर्षीच्या फँटोका संचातला, लाइम रंगाचा. डबा अजून उघडलेला नाही. उद्या नवा लेवा आला तर याला कोण विचारणार?

गिअरप्रेमी

थांबा. उघडलेला नाही? अठरा वर्षांच्या आसपास झाली की हो!

पोहाटूची लाथ

लाइम रंगाचा?? अरे देवा.

डबाबंद

हो. त्यात काय?

पोहाटूची लाथ

त्या काळच्या लाइम सॉकेटची ख्याती माहीत नाही का? बॉल दाबला की वाटीला चीर. उघडलेल्यांचेच हे हाल. तुमचा तर एवढी वर्षं डब्यात वाळतोय. म्हणजे तुम्ही जपलेला लेवा हा लेवा नसून लेवा होऊ शकणाऱ्या तुकड्यांचा डबा आहे, आणि तोही फार दिवस राहणार नाही.

वाचतोय फक्त

बॉल-सॉकेटच्या सांध्याला मराठीत उखळीचा सांधा म्हणतात. शाळेत होतं.

पोहाटूची लाथ

धन्यवाद, गुरुजी. उखळ फुटतं. आता बरं?

गिअरप्रेमी

डबाबंद, स्पष्ट बोलतो, राग मानू नका किंवा माना. तुमच्यासारखे लोक डबे दाबून बसतात म्हणून बाकीच्यांना सुटे भाग मिळत नाहीत. एका अनोळखी विक्रेत्याकडून मी 'अस्सल' म्हणून सोनेरी अवोखी मुखवटा घेतला, तो घरी रंगवलेला निघाला. बोटाला सोनं लागलं. हा बाजार तुम्ही लोकांनी तयार केलाय. खेळणं खेळायला असतं. तुम्ही ते ठेवीसारखं ठेवता आणि वर आम्हाला सांगता की नवं आणू नका, आमचा भाव पडेल. हा चाहता नव्हे, हा सावकार.

डबाबंद

सावकार? तुम्ही मला ओळखता का? तुम्ही फसलात त्याचं खापर माझ्या डोक्यावर का? एक डबा आहे माझ्याकडे. एक. गोदाम नाही.

गिअरप्रेमी

एकेक करूनच गोदाम होतं.

व्यवस्थापक

सावकार, भामटे वगैरे शब्द आवरा. (भामटे वाला प्रतिसाद उडवला आहे. ज्याने लिहिला त्याला माहीत आहे.)

ताकुआची मावशी

डबाबंद, पण का नाही उघडलात? खरंच विचारते, टोमणा नाही.

डबाबंद

सांगतो. भावाबिवाचं काही नाही. मोल वगैरे वर लिहिलं ते अर्धंच खरं.

२००८ मध्ये मी पंधरा वर्षांचा होतो. आत्याने वाढदिवसाला दिला. मित्र घरात होते. त्यातला एक म्हणाला, "अजून खेळण्यांशी खेळतो?" मी म्हटलं, "छे, आत्याला कुठे कळतं." ती शेजारीच उभी होती. डबा कपाटात वर टाकला, सगळे गेल्यावर उघडू म्हणून. त्या रात्री उघडला नाही, लाज वाटत होती. कोणाची ते माहीत नाही. मग कॉलेज, मग नोकरी, आणि मग तो 'न उघडलेला' झाला. न उघडलेल्या वस्तूला एक वजन येतं, तुम्हाला ते कळणार नाही.

गिअरप्रेमी

हे आधी लिहायचं ना. सावकार शब्द मागे. बाकी मत कायम.

जुनाट मुखवटा

धागा माझा होता असं अंधुक आठवतंय. पुनरुज्जीवन, आठवतंय का कुणाला?

वाचतोय फक्त

आठवतंय. एक राहिलं. जे 'जसंच्या तसं' म्हणतात त्यांनी हेही बघावं की सुरुवातीच्याच वर्षांत त्यात बदल करावा लागला होता. गावकऱ्यांना तोहुंगा म्हणायचे. तो माओरी लोकांचा शब्द, त्यांच्यात तो जाणत्या, अधिकारी व्यक्तींसाठी वापरतात. त्यांनी आक्षेप घेतला, कंपनीने ऐकलं, तोहुंगाचे मातोरान झाले. जाला नावाच्या गावकऱ्याचा जालर झाला. आणि कथेत तो बदल 'नामकरणाचा दिवस' म्हणून बेमालूम बसवला. म्हणजे हे खेळणं बदल पचवू शकत होतं. पचवायचं नव्हतं ते आपल्याला.

पोहाटूची लाथ

हे मान्य. वर बायोनिकलच्या जनकांपैकी एक, ख्रिश्चन फाबर, याचीही गोष्ट आहे. मेंदूतल्या गाठीवर औषधं चालू असताना त्याला आजारी शरीरात डब्यांतून सोडलेल्या वीरांची कल्पना सुचली. असलं काहीतरी दर पाच वर्षांनी मीटिंग घेऊन सुचत नाही. २०१५ ला सांधे बरे होते, मी म्हणतो इनिकापेक्षाही बरे (गिअरप्रेमी, नोंद घ्या), पण गोष्ट पातळ होती. २००७ मध्ये मातोरो या टोआने जीव दिला तेव्हा मी जेवलो नव्हतो. २०१५-१६ मध्ये कोण काय करत होतं ते मला आज सांगता येणार नाही.

गिअरप्रेमी

नोंद घेतली. फ्रेम करून लावतो.

जुनाट मुखवटा

म्हणजे लाथसाहेब, तुम्ही 'आणा परत' म्हणत सुरू केलंत आणि आता माझ्या बाजूला येऊन बसलात.

पोहाटूची लाथ

बाजूला बसलो म्हणजे सहमत झालो असं नाही. मी म्हणतो आणा, पण त्याच सहा जणांना नको. नवं बेट, नवी नावं, नवी माणसं लिहायला. आणि कोपर पाहिजेच.

जुनाट मुखवटा

मग ते बायोनिकल कुठलं? पण चला, त्याला माझा विरोध नाही. विरोध नाही म्हणजे पाठिंबा आहे असंही नाही. आणि माझ्या वाक्यातलं 'कुठल्याही नव्या पोराला' मी मागे घेतो. मावशींचा भाचा अपवाद.

ताकुआची मावशी

उपकार झाले. वकिलाला कळवते.

डबाबंद

लेवा उघडला.

गिअरप्रेमी

काय!!

ताकुआची मावशी

???

डबाबंद

आत्याला फोन केला होता. तिला तो डबा आठवतच नाही. म्हणाली, "उघड ना मग, विचारतोस काय." पिशव्या फोडल्या. प्लास्टिकचा तोच वास. तुकडे ताटात मांडले आहेत.

लाथ, तू सांग, दाबायचं कसं?

पोहाटूची लाथ

थांब, घाई करू नकोस. आधी प्रत्येक तुकडा मुठीत धरून थोडा कोमट होऊ दे. बॉल तिरका आत घाल, सरळ ठोकू नकोस. आणि एकदा बसला की काढू नकोस. कधीच. उभा करून ठेवून दे.

गिअरप्रेमी

आणि पोझ देत बसू नका. माझ्या तोंडून हे ऐकून इनिकावाले हसतील, हसू द्या.

जुनाट मुखवटा

मुखवटा सगळ्यात शेवटी लावा.

डबाबंद

पाय झाले. चार सांधे बसले, एकालाही चीर नाही. पाचवा मुठीत धरून बसलोय.