दुकानाच्या दारापर्यंत जाते आणि परत येते. पहिलं पार्टटाइम काम मागायचं कसं?

खिडकीपाशी:

मी १७ वर्षांची आहे. दुपारनंतर आणि शनिवारी मोकळी असते. एका स्टेशनरीच्या दुकानाच्या दारावर 'मदतनीस पाहिजे, अर्धवेळ' असा कागद चिकटवलाय. पहिल्या शनिवारी गेले तर आत गिऱ्हाइकं होती, म्हणून परत आले. दुसऱ्या शनिवारी कुणीच नव्हतं, म्हणून परत आले (सगळं लक्ष माझ्याकडेच गेलं असतं ना). तिसऱ्या शनिवारी आत गेले, तोंड उघडलं आणि "एक निळं पेन द्या" म्हणाले. मला पेन नको होतं.

बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो, कान तापतात. फोनवर तर त्याहून वाईट. आई म्हणते, मी येते सोबत, मीच बोलते. ते नको वाटतं, पण आता दुसरा मार्गही दिसत नाही. अनुभव शून्य, तर अर्जात लिहू काय? आणि "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की मी गप्प बसणार, हे आत्ताच सांगते. माझ्यासारख्यांना कुणी काम देतं का? 'कॉन्फिडन्स वाढव' सोडून काहीही सांगा.

जुनी_खतावणी:

तुझं निळं पेन वाचून हसलो, कारण माझ्याकडे तसा एक गोंदाचा डबा होता.

माझं पहिलं काम ग्रंथालयात, परत आलेली पुस्तकं जागेवर लावायचं. मागायला गेलो तेव्हा वाक्य तळहातावर लिहून नेलं होतं: "मला संध्याकाळी दोन तास काम मिळेल का?" टेबलापाशी पोचेपर्यंत घामाने 'संध्याकाळी'चा नुसता डाग झाला. ग्रंथपाल बाई वाट बघतायत, मी हाताकडे बघतोय. शेवटी त्यांनीच माझा हात वळवून वाचला आणि विचारलं, "कोणत्या वेळी?" मी म्हणालो, "संध्याकाळी." मुलाखत संपली.

म्हणून तुला सांगतो, तळहातावर नको, कागदावर लिही. आत जा, "दारावरच्या कागदाबद्दल आले होते" एवढंच म्हण आणि चिठ्ठी पुढे कर. पुढचं समोरचा माणूस विचारतो, आपण फक्त उत्तरं द्यायची.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली. ग्रंथालयात लोक मला येऊन विचारायचे आणि मी बोलायचो! घरी पाहुणे आले की आतल्या खोलीत पळणारा मी. कारण तिथे काय बोलायचं ते ठरलेलं होतं. विज्ञान ५०० पासून, इतिहास-भूगोल ९०० च्या रांगेत, डावीकडून तिसरं कपाट. मला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नव्हतं, फक्त आकडे सांगायचे. तेव्हा सुरुवातीला असंच मागच्या बाजूचं काम शोध. माल लावणं, मोजणं, नोंदी ठेवणं.

आणि एक कडू अनुभव. ग्रंथालयाच्या आधी मी एका झेरॉक्सच्या दुकानात आठ दिवस 'बघू जमतंय का' म्हणून राबलो. नवव्या दिवशी "कळवतो" म्हणाले. पैसे मागायला तोंड उघडलं नाही, तेही राहिलेच. लाजऱ्या पोराकडून फुकट काम करून घेणं सोपं असतं, हे काही जणांना चांगलं ठाऊक असतं. किती तास, किती पैसे, कोणत्या तारखेला, आणि शिकायच्या दिवसांचे मिळणार का, हे सुरू करायच्या आधी विचार. तोंडी जमत नसेल तर मेसेज कर. उलट बरं, लेखी उत्तर हातात राहतं.

काउंटरच्या_आत:

माझं छोटं दुकान आहे, आणि वर्षाला दोन-तीन तरी नवी मुलं-मुली कामाला घेते. खतावणींचं बरंचसं पटलं, पण 'मागच्या बाजूचं काम शोध' हे नाही पटलं. छोट्या दुकानात मागची बाजू वेगळी नसतेच. आणि बाळा, काउंटरवरचं बोलणं एकूण सहा वाक्यांचं. काय हवं? किती हवेत? अजून काही? एवढे झाले. सुट्टे आहेत का? पिशवी देऊ? दिवसभर हीच फिरवायची. माझ्याकडची सगळ्यात अबोल मुलगी सगळ्यात जास्त टिकली. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते ती पूर्ण ऐकून घ्यायची. बडबडी पोरं अर्ध्यातच वस्तू काढून ठेवतात, मग निघते ती चुकीची.

आईला आणू नकोस. त्या प्रेमाने येणार, पण त्या बोलत असताना मी मनात म्हणते, उद्या उशीर झाला तर फोनसुद्धा यांचाच येणार. चिठ्ठी घेऊन अडखळत बोललेली मुलगी मला चालते. अगदीच धीर होत नसेल तर आईला कोपऱ्यावर उभी कर.

अनुभव नाही हे मला वय बघूनच कळतं, त्याची माफी मागत बसू नकोस. चिठ्ठीत नाव, वय, फोन नंबर, कोणत्या दिवशी किती ते किती येऊ शकतेस, परीक्षेमुळे कधी जमणार नाही, हे लिही. परीक्षेचं आधी सांगणारी पोरगी मला खरी वाटते. खाली एखादी केलेली गोष्ट. वर्गाच्या सहलीचे पैसे गोळा करून हिशेब ठेवला असशील, धाकट्या भावंडाला रोज शाळेतून आणत असशील, ते काम नाही तर काय? "स्वतःबद्दल सांगा" म्हटलं की तीच एक ओळ वाचून दाखव. आम्ही ते विचारतो कारण आम्हालाही दुसरं काही सुचत नाही.

वेळ मात्र सांभाळ. संध्याकाळच्या गर्दीत विचारलंस तर माझ्याकडूनही तुसडं उत्तर येईल. दुकान उघडल्यावर अर्ध्या तासाने ये. तोवर झाडून झालेलं असतं, गिऱ्हाईक सुरू व्हायचं असतं.

वयाचा दाखला मागितला तर वाईट वाटून घेऊ नकोस. धोक्याच्या कामाला सहसा १८ च्या आतलं कुणी लावायचं नाही, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७३ च्या किमान वयाच्या करारातच आहे. १८ च्या आतल्यांच्या तासांचे आणि रात्रपाळीचे नियम देशोदेशी वेगळे, तुमच्याकडचे एकदा बघून घे. "कशाला हवेत कागद" म्हणणाऱ्याकडे जाऊच नकोस.

तिसरा_बाक:

'सगळं लक्ष माझ्याकडेच' यावर एक. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्याला लाज वाटेल असा एका गायकाच्या चित्राचा टीशर्ट घालून भरल्या खोलीत पाठवायचं, मग विचारायचं, किती जणांना कळलं असेल शर्टावर कोण आहे? घालणाऱ्यांचा अंदाज जवळपास निम्म्यांचा. प्रत्यक्षात साधारण चौथा हिस्सा. म्हणजे चौघांतल्या एकाला कळतं, हे कबूल. पण तुझे कान तापलेले त्यालाही दिसत नाहीत, केस मोकळे सोड.

खिडकीपाशी:

चौथा शनिवार. खतावणीकाका, चिठ्ठी लिहिली. काकू, उघडल्यावर बरोब्बर अर्ध्या तासाने गेले. आई कोपऱ्यावर होती, केस मोकळे होते.

आत मालक नव्हतेच! एक दादा खोकी फोडत होता. मी "दारावरच्या कागदाबद्दल" एवढं म्हणाले आणि चिठ्ठी त्याच्याच हातात दिली. त्याने ती सगळी वाचली, मोठ्याने. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग म्हणाला, "अक्षर चांगलंय, किमतीची लेबलं लिहायला कुणीतरी हवंच होतं. सोमवारी ये, शेठ असतील." म्हणजे हे सगळं परत एकदा करायचंय. पैशांचं विचारायचं राहिलं. पेन घेतलं नाही.

काउंटरच्या_आत:

सोमवारी किती वाजता?

खिडकीपाशी:

चार म्हणालाय.

काउंटरच्या_आत:

मग पावणेचारला पोच. पैशांचं वाक्य आत्ताच त्या चिठ्ठीच्या मागे लिहून ठेव.