वुडस्टॉकची डॉक्युमेंटरी शास्त्रीयवाल्या मंडळींना झेपेल का?

लष्करवाला:
नमस्कार. आमचा ग्वाल्हेरला छोटा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी प्रोजेक्टर लावून सिनेमा बघतो. या वेळी माझी पाळी आहे आणि मी अमेरिकेतल्या १९६९ च्या रॉक फेस्टिव्हलवरची १९७० ची वुडस्टॉक ठरवलीय, पण अर्धी मंडळी रिटायर्ड, तानसेन समारोहात डिसेंबरच्या थंडीत मफलर गुंडाळून रात्री उशिरापर्यंत बसणारी, त्यांना तीन तास रॉक म्हणजे जरा धाकधूक आहे. आमचे काका म्हणाले रविशंकर होते ना तिथे, मग येतो. त्यांचा भाग साधारण कधी येतो? आणि मूळ सिनेमा लावू की नंतर आलेला लांबलचक डायरेक्टर्स कट?

द्रुततीनताल:
अहो थांबा, काकांना असं सांगून बोलावलंत तर शिव्या खाल. रविशंकर वुडस्टॉकला वाजवून गेले, ऑगस्ट १९६९, पहिल्याच रात्री, पावसात, तबल्यावर अल्लारखाँ, पण सिनेमात ते नाहीतच! त्यांना बघायचं तर दिग्दर्शक पेनेबेकरची माँटेरे पॉप लावा, तीही अशाच फेस्टिव्हलवरची डॉक्युमेंटरी, फेस्टिव्हल १९६७ चा, सिनेमा ऐंशी मिनिटांच्या आतबाहेर आणि शेवटचा मोठा तुकडा अख्खा त्यांचा. कॅमेरा आधी बराच वेळ स्टेजकडे जातच नाही, नुसते ऐकणारे दाखवतो, कुणी पेंगतंय, कुणी डोळे मिटून बसलंय, सतार मागे चालूच, मग कुठे बोटं दिसतात. आणि गंमत म्हणजे क्रेडिटमध्ये भीमपलासी राग लिहिलाय पण वाजते ती धून, म्हणजे हलकी चीज, आधी दादरा ताल मग द्रुत तीनताल. ग्वाल्हेरची मंडळी सोडणार नाहीत हे.

सिनेमाखुळा:
माँटेरे मस्तच, पण तो जलसा झाला हो. वुडस्टॉकमध्ये माणसं दिसतात. एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या रानात चार लाखांवर पब्लिक, कुंपण कोलमडलं म्हणून शेवटी सगळं फुकट, खाणं कमी, पाऊस, चिखल. त्यात संडास साफ करणारा एक माणूस आहे, शांतपणे काम करता करता सांगतो की एक पोरगा इथेच गर्दीत आहे आणि दुसरा व्हिएतनाममध्ये. आमच्या बाबांना गाणं एक आवडलं नाही पण जेवताना त्या माणसाबद्दलच बोलत होते. एडिटिंगला थेल्मा स्कूनमेकर आणि स्कोर्सेसी, पडद्याचे दोन-तीन भाग करून एकदम चालतं, त्यामुळे टीव्हीवर मजा नाही, प्रोजेक्टरच पाहिजे. मूळ तीन तासांचाच लावा, १९९४ चा कट पावणेचार तासांचा आहे, चहाला उठलेले परत येणार नाहीत.

माळव्याचीमावशी:
खुद्द रविशंकरांनाच वुडस्टॉक आवडलं नव्हतं, चिखलातली गर्दी बघून आपल्याकडच्या म्हशी आठवल्या म्हणे त्यांना 😄 आणि एक सांगते, तळ्यात पोरंपोरी कपड्यांशिवाय आंघोळ करतात, गांजा तर उघड उघड. सुना-नातवंडं येणार असतील तर आधी कानावर घाला, नाहीतर काकांची पंचाईत.

लष्करवाला:
बाप रे, हे डोक्यातच नव्हतं. मग या महिन्यात माँटेरे, वुडस्टॉक दिवाळीनंतर आणि ती फक्त मोठ्यांसाठी. काकांना क्रेडिटचं आधी सांगत नाही. माँटेरेची साऊंड चांगला असलेली प्रिंट कुठे मिळेल, कुणी सांगेल का? आमचे स्पीकर तसेही यथातथाच आहेत.